सरकारी वकील रावसाहेब मंडलीक

राज्याच्या वतीने न्यायासनापुढे उभा राहणारा कायदेपंडित नेमका कोणाचा असतो? ज्या सरकारने त्याला नेमले त्या सरकारचा, की ज्या लोकांत तो जन्मला व वाढला त्या लोकांचा? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कित्येक राज्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते देऊन टाकले होते. राज्याचा मुख्य वकील लोकांनीच मते देऊन निवडावा, असे न्यूयॉर्क राज्याने आपल्या १८४६ च्या घटनेत ठरविले आणि इतर अनेक राज्यांनीही तोच परिपाठ ठेवला. हिंदुस्थानात त्या वेळी हा प्रश्न मोठ्याने विचारण्याचीही सोय नव्हती. तरीही एका माणसाच्या आयुष्यात तो पुनःपुन्हा उभा राहिला. तो माणूस म्हणजे मुंबई हायकोर्टातील सरकारी वकील रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक.

मुंबई इलाख्यात सरकारचे कायदेशीर काम तेव्हा दोन हातांनी चाले. १८६२ च्या ऑगस्टमध्ये जुने सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत ही दोन्ही एकत्र करून हायकोर्ट स्थापन झाले. पण त्या एका छपराखाली दोन घरे राहिलीच. एक मूळ शाखा, म्हणजे मुंबई शहरातील मोठे दावे प्रथमतःच जिथे चालत ती. दुसरी अपील शाखा, म्हणजे इलाख्यातील जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी अपिले जिथे ऐकली जात ती. मूळ शाखेत सरकारची बाजू ॲडव्होकेट जनरल मांडीत, आणि ते स्थान बहुधा इंग्रज बॅरिस्टरकडे असे. अपील शाखेत सरकारचा माणूस म्हणजे गव्हर्नमेंट प्लीडर. मान ॲडव्होकेट जनरलांना अधिक. पण इलाख्याचे खरे आयुष्य गव्हर्नमेंट प्लीडरच्या दप्तरात असे. सनदा, वतनपत्रे, मोडीतले महजर, जमिनीच्या वहिवाटी, दत्तकाचे वाद, गावकीची भांडणे हे सारे कागद वाचू व समजू शकणारा माणूसच तिथे हवा असे. म्हणूनच हे स्थान एतद्देशीयांच्या हाती लवकर आले. मंडलिकांच्या आधी ते नानाभाई हरिदास ह्या गुजराती कायदेपंडितांकडे होते. नानाभाई १८८४ मध्ये हायकोर्टाचे कायम न्यायमूर्ती झाले, आणि त्याच सुमारास सरकारी वकिली मंडलिकांकडे आली. तोपर्यंत वीस वर्षे हा गृहस्थ कधी वर्तमानपत्रातून, तर कधी कायदेमंडळातून सरकारवर टीकाच करीत आला होता.

मंडलिकांचा जन्म ८ मार्च १८३३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरुड ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. घराणे जुने, प्रतिष्ठित आणि खोतीचे वतन असलेले. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढच्या चरित्राचा अर्धा अर्थ तिच्यात आहे. आरंभीचे शिक्षण रत्नागिरीस झाले आणि पुढचे मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत. त्या पिढीतील हुशार विद्यार्थ्याला सरकारी नोकरीखेरीज दुसरी वाट सहसा दिसत नसे. मंडलीकही नोकरीत शिरले आणि ले ग्रँड जेकब ह्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करू लागले. हे जेकबसाहेब पुढे १८५७ च्या धामधुमीत कोल्हापूरचे बंड मोडणारे म्हणून प्रसिद्ध झाले. पण त्यांची दुसरीही एक बाजू होती. गिरनारच्या शिलालेखांच्या नकला करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत ते होते. जुना कागद आणि जुना दगड ह्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहण्याची जी सवय मंडलिकांच्या ठायी पुढे दिसते, तिला ह्या सहवासात खतपाणी मिळाले असावे.

दहा वर्षांच्या नोकरीत त्यांनी निरनिराळी खाती पाहिली. एल्फिन्स्टनसाहेबांच्या हिंदुस्थानच्या इतिहासाचे मराठी भाषांतरही त्यांनी ह्याच अवधीत केले. आणि मग १८६२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. वकिलीची परीक्षा देऊन ते अपील शाखेत वकील म्हणून उभे राहिले. पगाराची खात्री टाकून अशिलांच्या भरवशावर जाणे त्या काळी धाडसाचेच होते. पण वेळ अचूक साधली होती. हायकोर्ट नुकतेच उघडलेले. जुन्या अदालतीतील शास्त्री आणि पंडित यांना विचारून निकाल देण्याची रीत मावळत चाललेली. १८६४ मध्ये ती कायद्यानेच संपली. ह्यापुढे धर्मशास्त्र काय सांगते हे न्यायाधीशांनी स्वतः ग्रंथ पाहून ठरवावयाचे होते. त्या न्यायाधीशांना बहुधा संस्कृत येत नव्हते, आणि ज्याला संस्कृत, मराठी, गुजराती व इंग्रजी ह्या साऱ्या भाषा अवगत होत्या अशा वकिलाला त्यामुळे आपोआपच महत्त्व आले.

वकिली सुरू झाल्याबरोबर, १८६४ मध्येच, मंडलिकांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे साप्ताहिक काढले. सरकारी धोरणांवर एतद्देशीयांचे मत सरकारच्याच भाषेत, सरकारला समजेल अशा युक्तिवादाने मांडावे, हा त्यामागचा हेतू. काही वर्षांनी त्यांनी संपादकत्व दुसऱ्यांच्या हाती दिले; पण पत्राचा जो घाट त्यांनी घालून दिला तो वकिलाचाच होता. त्या लेखनात तळमळ आहे, पण आवेश नाही. प्रत्येक तक्रारीला आधी कायद्याचे कलम, मग जुना करार, मग आकडे, अशी त्याची चाल असे. वाचताना ते कधी कधी रुक्ष वाटते हे खरे. पण ज्याला उद्देशून ते लिहिले जाई त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे कठीण जाई.

मंडलिकांचे नाव ज्या कामामुळे कायद्याच्या इतिहासात कायम राहिले, ते काम मात्र वर्तमानपत्रातले नव्हे. १८८० मध्ये त्यांनी ‘व्यवहारमयूख’ आणि ‘याज्ञवल्क्यस्मृति’ ह्यांचे इंग्रजी भाषांतर, दीर्घ प्रस्तावना व परिशिष्टांसह प्रसिद्ध केले.

व्यवहारमयूखाचा कर्ता नीलकंठभट्ट हा सतराव्या शतकातला, काशीत राहणारा; पण घराणे मूळचे पैठणचे. ज्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक केला, ते ह्याच घराण्यातले. नात्याने नीलकंठाचे चुलत पुतणे. नीलकंठाने भगवंतदेव ह्या राजाच्या आश्रयाने बारा ‘मयूख’ लिहिले आणि त्यांतला व्यवहारावरचा मयूख पश्चिम हिंदुस्थानात प्रमाण मानला गेला. गुजरातेत, मुंबई बेटात आणि उत्तर कोकणात त्याचा शब्द मिताक्षरेच्याही वर चाले. उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरा आधी आणि मयूख तिच्या मागोमाग. इंग्रज न्यायाधीशांपुढे मयूख आला तो बोरोडेल ह्यांच्या १८२७ च्या भाषांतरातून. ते पहिले भाषांतर होते आणि पहिल्या भाषांतराचे सारे दोष त्यात होते.

भाषांतरातील एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडते, असे आज वाटेल. त्या काळी त्या शब्दावर कोणाची तरी शेती, कोणाचे तरी घर टांगलेले असे. एखादा गृहस्थ मुलाबाळांवाचून वारला, मागे केवळ बहीण आणि दूरचे भाऊबंद उरले, मिळकत कोणाची? मिताक्षरेच्या इतर प्रांतांतील अर्थाप्रमाणे बहीण वारसच नव्हती. तिला वारसांत जागा मिळाली ती थेट १९२९ च्या कायद्याने. पण नीलकंठाने बहिणीला आजीच्या पाठोपाठ स्थान दिले होते, आणि मुंबईच्या न्यायालयांनी ते एकोणिसाव्या शतकातच मान्य केले. विधवेने नवऱ्याच्या स्पष्ट आज्ञेवाचून दत्तक घ्यावा की नाही? बंगालात नाही, महाराष्ट्रात, नवरा विभक्त असून वारला असेल तर, होय. लग्न झालेला मुलगा दत्तक जाऊ शकतो का? अन्यत्र नाही, नीलकंठाच्या मते जाऊ शकतो. एकाच धर्मशास्त्राच्या नावाखाली देशाच्या दोन टोकांना दोन निराळे निकाल होत, आणि ज्या बाईला तो निकाल मिळे तिला आपले भवितव्य एका भट्टाच्या ओळीवर आणि एका साहेबाच्या भाषांतरावर अवलंबून आहे हे ठाऊकही नसे.

मंडलिकांनी ग्रंथ नीट लावला, हस्तलिखिते ताडून पाहिली. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट केली. पोथी काय म्हणते एवढ्यावर न थांबता लोक प्रत्यक्ष काय करतात हे त्यांनी विचारले. मुलीचा मुलगा किंवा बहिणीचा मुलगा ब्राह्मणाने दत्तक घेऊ नये, असे निबंधकार सांगतात. मंडलिकांनी दाखविले की महाराष्ट्रात तसे दत्तक घेतले जातात, घेणारे ब्राह्मणच असतात, आणि समाज त्यांना मान्य करतो. तेव्हा तो निषेध शिफारस समजावा, बंधन समजू नये, असा त्यांचा कौल. पुढे कित्येक वर्षे दत्तकाच्या खटल्यांत वकील ‘मंडलीक काय म्हणतात’ ते न्यायासनापुढे वाचून दाखवीत. पंडिताच्या पोथीइतकेच गावच्या वहिवाटीला वजन देणारा हा विचार वकिलीच्या अनुभवातून आलेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

वेस्ट आणि ब्यूलर ह्या दोन युरोपीय विद्वानांनी हिंदू कायद्याचे टिपण त्याआधी प्रसिद्ध केले होतेच. त्यातही शास्त्र्यांची मते गोळा केलेली होती. पण आपलाच कायदा आपणच, आपल्या लोकांत चौकशी करून, राज्यकर्त्यांच्या भाषेत समजावून सांगावा, हे काम एतद्देशीय वकिलाने करणे निराळे. मंडलिकांचा हा व्यासंग त्यापुढेही थांबला नाही. १८८६ मध्ये त्यांनी मनुस्मृतीचे मूळ मेधातिथी, सर्वज्ञनारायण, कुल्लूक, राघवानंद, नंदन व रामचंद्र ह्या सहा टीकांसह छापले. धकाधकीची वकिली सांभाळून हे कसे साधले, ह्याचे आश्चर्य वाटते.

रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी वाचलेल्या निबंधांची यादीही लहान नाही: शालिवाहन व त्याची सप्तशती, पश्चिम हिंदुस्थानातील नागपूजा, संगमेश्वराचे माहात्म्य. त्यांतला एक निबंध विशेष बोलका आहे. मुरुड गाव नव्याने कसे वसविले गेले, ह्याची हकीकत देणारा एक जुना कागद त्यांनी १८६५ च्या सुमारास सोसायटीपुढे मांडला. विषय स्वतःच्या गावाचा, हेतू पुराणवस्तुसंशोधनाचा. पण गाव मुळात कोणी वसविले, जंगल तोडून जमीन लागवडीस कोणी आणली, हा त्या वेळी कोकणात केवळ विद्वानांचा प्रश्न उरला नव्हता. मुलकी खात्यात आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर तोच प्रश्न रोज विचारला जात होता. तो प्रश्न खोतीचा.

खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. सरकारशी हिशेब त्याचा, कुळांशी हिशेब त्याचा. जुन्या वहिवाटीच्या धारेकऱ्याने ठरलेला धारा भरला की काम भागे. पण साध्या कुळाला भातपिकाचा निम्मा, कुठे तिसरा हिस्सा खोताच्या घरी पोचवावा लागे, आणि वर वेठही असे. खोत म्हणत, गाव आमचे. आदिलशाहीच्या सनदा आमच्याजवळ आहेत. आमच्या पूर्वजांनी माणसे आणून बसविली. सरकारचे मोजणी अधिकारी म्हणत, खोत हा सारा वसूल करणारा मध्यस्थ. जमिनीचा मालक नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात मोजणी झाली आणि खोताने कुळाकडून काय घ्यावे ह्यावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा खोतांनी तो झुगारला. दाव्यांवर दावे पडले. कुठे खोतांनी गावचा वसूल भरण्यास नकार दिला, कुठे गाव जप्त झाले.

ह्या भांडणाकडे कोकणाबाहेरून पाहिले तर त्याचा चमत्कारिकपणा अधिक उमजतो. ज्या दशकात कोकणात खोताला सरकार मध्यस्थ ठरवू पाहत होते, त्याच १८६० च्या दशकात मध्य प्रांतात सरकारने अगदी उलटी वाट धरली. तिथे सारावसुली करणाऱ्या पाटलाला व मक्तेदाराला ‘मालगुजार’ म्हणून गावाची मालकीच देऊन टाकली. वैनगंगेच्या खोऱ्यात १८६७ मध्ये बनविलेल्या बालाघाट जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. त्या जिल्ह्यातील परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नाईक ह्या गृहस्थाने वसविली; रान तोडले, कुळे आणून बसविली. खोत जो दावा सनद दाखवून करीत होते, तोच हा गाव वसविण्याचा दावा. मध्य प्रांतात त्या दाव्यातून मालकी निघाली आणि रत्नागिरीत त्यातून खटले निघाले. एकाच सरकारचे दोन प्रांतांत दोन न्याय! कायदा जाणणाऱ्या खोताला ह्याचा राग येणे अगदी स्वाभाविक होते.

मंडलीक १८७४ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात नेमले गेले. तिथे तोपर्यंत एतद्देशीय सभासद म्हणजे सरदार, जहागीरदार, शेटसावकार असा प्रकार होता. त्यांपैकी बहुतेक हजर राहत आणि मान डोलावत. मंडलीक उठून बोलत. कलमावार बोलत, दुरुस्त्या सुचवीत आणि मत विरुद्ध देत. सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले असल्यामुळे त्यांची हार ठरलेलीच असे. तरी पुढच्या विधेयकाला ते पुन्हा तयारीने येत. १८७९ चा जमीनमहसुलाचा कायदा त्यांच्या डोळ्यांदेखत घडला. मुलकी खात्याच्या निर्णयांवर दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची वाट अरुंद करीत नेण्याचा सरकारचा कल त्या वर्षांत स्पष्ट होता. शेतसाऱ्याच्या आकारणीबाबतची ती वाट १८७६ च्या कायद्याने बंद झालीच होती. सरकार हाच वादी, सरकार हाच न्यायाधीश, ही स्थिती वकिलाच्या अंतःकरणाला बोचणारी होती आणि मंडलिकांनी ती बोच लपविली नाही.

मग १८८० चा खोतीचा कायदा आला. ह्या कायद्याने खोताचे हक्क लेखी मान्य केले, पण जुन्या कुळांनाही काही संरक्षण दिले आणि खोताने काय घ्यावे ह्याला चौकट घातली. मंडलिकांनी त्याला कसून विरोध केला. सनदांचा आणि वहिवाटीचा अर्थ न्यायालयाने लावावा, मोजणी खात्याने नव्हे. एकदा मान्य केलेला हक्क कायदेमंडळाने बहुमताच्या जोरावर काढून घेऊ नये. हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. युक्तिवाद म्हणून तो भक्कम होता. ज्या सरकारला कोणी निवडून दिलेले नाही त्याच्या मनमानीला बांध घालण्यासाठी ‘प्रस्थापित हक्क’ ह्यापेक्षा चांगला दगड त्या काळी हाताशी नव्हता.

पण तो बांध ज्या शेतावर पडला ते शेत कुळाचे होते. कुळाच्या हाती सनद नव्हती. त्याची वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षे निम्मे भात नेऊन देण्याची वहिवाट. ती सिद्ध करावी तितका त्याचाच गळा आवळला जाई. मंडलीक स्वतः खोत घराण्यातले होते आणि ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. तेव्हा त्यांच्या भाषणात स्वार्थ होता काय? केवळ स्वार्थ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हाच विचार त्यांनी जिथे त्यांचा दमडीचा संबंध नव्हता तिथेही तितक्याच निष्ठेने मांडला. परंतु दत्तकाच्या बाबतीत पोथी बाजूला ठेवून ‘लोक काय करतात’ हे विचारणारा हा चौकस माणूस खोतीच्या बाबतीत कुळाच्या झोपडीत जाऊन तोच प्रश्न विचारताना दिसत नाही. त्यांच्या थोरवीला पडलेली ही मोठी चीर आहे.

हाच विचार त्यांनी समाजसुधारणेलाही लावला. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी ह्यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य ह्यांवर टिपणे लिहून सरकारी उपायांची मागणी केली. देशभर खळबळ उडाली. रानडे मर्यादित कायद्याच्या बाजूने. तेलंग आपल्या स्वभावानुसार दोन्ही बाजू तोलून पाहणारे. मंडलीक ठाम विरोधात. विवाह हा हिंदूंचा धर्मविषय. परक्या सरकारने त्यात हात घालू नये, हे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईवर तिच्या नवऱ्याने नांदावयास येण्यासाठी दावा लावला. लहानपणी लावून दिलेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही असे एक सुशिक्षित तरुणी उघड म्हणू लागली तेव्हा ‘नेटिव्ह ओपिनियन’च्या गोटातील मंडळींना मोठाच धक्का बसला. गंमत अशी की, खुद्द सरकारचे ॲडव्होकेट जनरल लॅथम आणि त्यांच्याबरोबर तेलंग अपिलात रखमाबाईच्या वतीने उभे राहिले. सरकारी पदावरचा इंग्रज वकील नव्या विचारांच्या स्त्रीच्या बाजूला, आणि सरकारी पदावरचे एतद्देशीय वकील जुन्या समाजव्यवस्थेच्या बाजूला, असे चित्र त्या दिवसांत मुंबईकरांनी पाहिले.

आणि तरीही मयूखाच्या त्या बहिणीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कायद्याने सुधारणा नको म्हणणाऱ्या ह्याच माणसाच्या ग्रंथाने, केवळ रूढीचा व जुन्या टीकाकाराचा नीट अर्थ लावून, महाराष्ट्रातल्या विधवेचे आणि बहिणीचे हक्क अधिक घट्ट केले.

सरकारी वकिली आणि लॉर्ड रिपन ह्यांच्या कारकीर्दीतील गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळातले सभासदत्व ही दोन्ही मंडलिकांना १८८४ च्या सुमारास मिळाली. इल्बर्ट बिलाच्या वादळानंतर रिपनसाहेब एतद्देशीयांच्या मताला काही स्थान देऊ पाहत होते आणि मुंबईच्या बाजूने मंडलिकांइतका अनुभवी माणूस दुसरा नव्हता. कलकत्त्यास जाणे, मुंबईस अपिले चालविणे, मुंबईच्या कॉर्पोरेशनचे काम पाहणे—तिचे अध्यक्षपदही त्यांनी पूर्वी भूषविले होते—आणि रात्री मनूच्या टीकांची मुद्रिते तपासणे, असा तो दिनक्रम. सरकारी वकील झाल्यावर त्यांची टीका बोथट झाली असे म्हणणारे लोक असणे साहजिक आहे. पण त्यांच्या मतांत बदल झालेला दिसत नाही. ते आधीपासूनच राज्य उलथू पाहणारे नव्हते. राज्याने स्वतःच्या शब्दाला जागावे एवढेच त्यांचे मागणे होते, आणि असा आग्रह सरकारच्या वकिलाने धरण्यात विसंगती कोणती? अपील शाखेत सरकारची बाजू मांडताना त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या वकिलांना मात्र एक सोय झाली होती: सरकारी वकिलाला त्याच्याच ग्रंथातला उतारा वाचून दाखविता येई.

९ मे १८८९ रोजी, छप्पन्न वर्षांचे असताना, मंडलीक वारले. नानाभाई हरिदासही त्याच वर्षी गेले आणि त्यांच्या जागी तेलंग न्यायमूर्ती झाले. मुंबईच्या अपील शाखेतील एक पिढी अशी काही महिन्यांत उठून गेली. मंडलिकांनी सिद्ध केलेले पद्मपुराण त्यांच्या मागे, १८९३-९४ मध्ये, पुण्याच्या आनंदाश्रमाने चार भागांत प्रसिद्ध केले. त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेला आणि पुढच्या संशोधकांना उपयोगी पडला. लेख व भाषणे चिरंजीवांनी १८९६ मध्ये एकत्र छापली.

ज्यांच्या रक्षणासाठी ते झगडले त्या गोष्टींचे पुढे काय झाले हेही सांगावयास हवे. खोती त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकली. १९३७ च्या सप्टेंबरात त्याच मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यांचे घराणेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, मंडणगडाजवळच्या आंबडव्याचे. मुरुडपासून फार दूर नव्हे. पुढल्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून आले. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि मध्य प्रदेशातील मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. परसवाड्याचा मालगुजार आणि दापोलीचा खोत, ज्यांना सरकारने ऐंशी वर्षांपूर्वी दोन निराळे न्याय दिले, ते जवळजवळ एकाच वेळी इतिहासजमा झाले.

मयूखाचे वारसक्रम १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मागे पडले. पण त्याआधी त्याची एक नवी, अधिक चोख आवृत्ती १९२६ मध्ये निघाली होती. ती सिद्ध करणारे पांडुरंग वामन काणे हेही दापोलीस शिकलेले, मुंबई हायकोर्टात वकिली करणारे आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासात आयुष्य वेचणारे. मुरुडने महाराष्ट्राला मंडलिकांखेरीज आणखी एक नाव दिले. मंडलीक वारल्यानंतर चार वर्षांनी, मार्च १८९३ मध्ये, त्याच गावचे धोंडो केशव कर्वे ह्यांनी पुण्यास एका विधवेशी विवाह केला. गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता होती, १८५६ पासून. पण गावची वहिवाट निराळी होती.